कलम १२३ : 'भ्रष्ट आचरण' आणि 'त्याचा धर्म'

प्रश्न : निवडणूक याचिकेच्या, म्हणजे निवडणुकीला न्यायालयात दिलेल्या आव्हानाच्या, बातम्यांत कधी 'भ्रष्टाचार', कधी 'भ्रष्ट आचरण', तर कधी 'आचारसंहिताभंग' असं छापून येतं. तिन्ही एकच ना?

उत्तर : मुळीच नाही. भ्रष्टाचार म्हटलं की पैसे खाणं डोळ्यांसमोर येतं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मधलं भ्रष्ट आचरण बरंच व्यापक आहे: मतदाराला लाच, दमदाटी, वाहनातून फुकट ने-आण, प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल खोटा प्रचार, सरकारी नोकर राबवून घेणं. १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली ती सरकारी यंत्रणेकडून सभेची व्यासपीठं उभारून घेतली आणि सरकारी सेवेतल्या यशपाल कपूर यांची मदत घेतली म्हणून. पैसे खाल्ल्याचा ठपका त्यात नव्हता.

आचारसंहिता तर कायदाच नाही. तिच्या भंगाबद्दल निवडणूक आयोग ताकीद देईल, प्रचारबंदी घालेल. तेवढ्यावरून आमदारकी जात नाही. भ्रष्ट आचरण मात्र उच्च न्यायालयात सिद्ध झालं की निवडणूक रद्द, वर सहा वर्षांपर्यंत अपात्रता. म्हणून बातमीत शब्द चुकला की वाचकाला प्रकरणाचं वजनच कळत नाही. याचिकाही निवडणुकीच्या निकालानंतर ४५ दिवसांत करावी लागते.

प्रश्न : आणि 'धर्माच्या नावावर मतं मागणं'? कोणाचा धर्म?

उत्तर : यावरच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींमध्ये ४ विरुद्ध ३ अशी फूट पडली! धर्माच्या नावावर मतं मागणं हेही कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरण आहे. त्याच्या इंग्रजी मजकुरात 'त्याच्या धर्माच्या कारणावरून' अशा अर्थाचं सर्वनाम आहे. १९६१ च्या दुरुस्तीत ते आलं. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले, प्रभाकर कुंटे यांनी याचिका केली आणि निवडणूक रद्द झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालात 'त्याचा' म्हणजे उमेदवाराचा धर्म, असा अर्थ लावला गेला. मग वक्ता मतदारांना 'तुमच्या धर्मासाठी मत द्या' म्हणाला तर? सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंग खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी त्या सात न्यायमूर्तींच्या बहुमताने ठरलं की उमेदवार, प्रचारक, मतदार, कोणाचाही धर्म यात येतो.

मराठीत ही अडचण जास्तच टोचते. 'वक्त्याने आपल्या धर्माच्या नावावर' म्हटलं की धर्म वक्त्याचा. 'त्याच्या' म्हटलं की सहसा दुसऱ्या कोणाचा. सर्वनाम निवडतानाच अर्धा निकाल देऊन होतो. तेव्हा मी तरी सर्वनाम टाळून 'उमेदवाराच्या, प्रचारकाच्या किंवा मतदाराच्या धर्माच्या आधारे' असं पूर्ण लिहीन. लांबतं, पण २०१७ नंतर कायद्याचा अर्थ तोच आहे.