'फायरवॉल'ला मराठीत काय म्हणावं? आणि वायर 'पास' करायची की ओवायची?

प्रश्न

गाडीला घरीच फॉगलॅम्प बसवतोय. पावसाळ्यात गगनबावड्याला जाणं-येणं असतं, आणि तिथल्या धुक्यात नेहमीच्या दिव्यांचा उजेड परत डोळ्यांवरच येतो. बॅटरीकडची वायर स्टीअरिंगजवळच्या बटणापर्यंत आणायची तर मधला पत्रा ओलांडावा लागतो. इंजिन आणि बसायची जागा वेगळी करणारा तो उभा पत्रा म्हणजे फायरवॉल. वडिलांना हे सांगताना मी 'अग्निभिंत' म्हणालो, तर त्यांच्या डोळ्यांपुढे गुऱ्हाळाचं चुलवण आलं. रोजच्या बोलण्यात चालेल असा शब्द आहे का? आणि त्यातून वायर नेण्याला काय म्हणायचं?

उत्तर

'अग्निभिंत' चूक नाही, पण तो शब्द आगीवर फार भर देतो. इंग्रजीत हा शब्द मुळात इमारतींचा. एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस संगणकवाल्यांनी तोच उचलला. ब्रिटनमध्ये मात्र गाडीच्या याच पत्र्याला 'बल्कहेड' म्हणतात, तो जहाजातल्या आडभिंतीचा शब्द. म्हणजे इंग्रजीलाही यासाठी एकच नाव सुचलेलं नाही.

गाडीतला हा पत्रा आग तर अडवतोच, पण रोजचं त्याचं काम म्हणजे इंजिनाची उष्णता, आवाज, धूर आणि पाणी आत येऊ न देणं. म्हणून मी 'पडदी' सुचवेन. घरात दोन खोल्यांमध्ये पातळ भिंत घालतो ती पडदी. गवंड्यांच्या तोंडी तो शब्द आजही आहे. 'इंजिनाची पडदी' म्हटलं की पातळ, उभी आणि दोन जागा वेगळ्या करणारी, हे तिन्ही कळतं. आगीचा उल्लेख नाही म्हणून बिघडत नाही, नाव आणि काम जुळलंच पाहिजे असं नाही. डॅशबोर्डच बघा. घोड्याच्या खुरांनी उडणारा चिखल अडवायला घोडागाडीला पुढे फळी असायची, ती डॅशबोर्ड. घोडा गेला, चिखल गेला, शब्द राहिला.

उत्तर (वायरिंगचं काम करतो, उद्यमनगर)

पडदी चांगलाय शब्द. आमच्यात नुसतं 'मधला पत्रा' म्हणतात, आणि वायर 'पास केली' नाहीतर 'आत घेतली' म्हणतात.

पण खरी अडचण त्या भोकातल्या रबराच्या नावाची आहे. ते ग्रोमेट. जुने मिस्त्री त्यालाही बुश म्हणतात, आणि दुकानात नुसतं 'बुश द्या' म्हटलं की सस्पेन्शनचा बुश पुढं येतो. नाव नीट सांगा आणि ते रबर घातल्याशिवाय वायर नेऊ नका. पत्र्याच्या भोकाला धार असते. गाडी हादरेल तशी वायर त्यावर घासत राहते. आधी 'घासली', मग 'सोलली', मग 'शॉर्ट झाली', असे तीन शब्द आम्ही क्रमानं वापरतो. सगळी बॉडीच अर्थिंग आहे, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली, तेव्हा सोललेली तांब्याची तार पत्र्याला टेकली की संपलं.

नवं भोक पाडायच्या आधी डॅशबोर्डखाली वाकून बघा. कंपनीच्या वायरिंगचं मोठं रबर असतं, त्यात बऱ्याच गाड्यांत एखादी बंद नळी रिकामी असते. तिचं टोक कापलं की वाट मिळते. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या.

उत्तर (शिवणकाम करते, कागल)

मला गाडीतलं कळत नाही, पण क्रियापदासाठी लिहिते. हे सरळ सरळ ओवणं आहे. घुसवणं किंवा खुपसणं म्हटलं की जोर आला. ओवण्यात भोक आधीच असतं, वस्तू लवचीक असते आणि तिचं टोक पलीकडून धरून ओढायचं असतं. परकराची नाडी आम्ही पिनेला अडकवून ओवतो, कारण नाडी स्वतः पुढे सरकत नाही. तुमची वायरही सरकणार नाही, तिलाही काहीतरी पिनेसारखं लागेल.

उत्तर (उद्यमनगर)

ताई, अगदी हेच. आम्ही सायकलची आरी आधी आरपार घालतो, तिला टेपनं वायर बांधतो आणि दुसरीकडून ओढतो. इतकी वर्षं करतोय, पण ओवणं हा शब्द सुचला नव्हता. वायर ओवली की इंजिनाच्या बाजूला भोकाच्या खाली थोडा झोळ सोडा. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, वायरीवरून आत येत नाही.

आणि दिव्यांचा सगळा करंट आत आणायचाच नाही. 55 वॉटचे दोन म्हणजे 110 वॉट, 12 व्होल्टला सव्वानऊ अँपिअरच्या आसपास. तेवढं रिलेवरून (बटणाच्या थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बाहेरच राहू दे, बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज टाका. रिलेच्या पायांना आकडे असतात: 30 ला बॅटरी, 87 ला दिवे, 85-86 हे आतल्या कॉइलचे, म्हणजे बटणाकडचे. पडदीतून फक्त बटणाची बारीक वायर ओवायची.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. गेल्या वर्षी हॉर्नची वायर मी रबराशिवाय त्याच पत्र्यातून नेली होती आणि फ्यूज दोनदा उडाला. मी फ्यूजलाच दोष देत होतो. काल ती वायर काढून बघितली, कडेला टेकत होती तिथं तांबं दिसत होतं. मोठ्या रबरात रिकामी नळी सापडली. वडिलांनी आतून आरी धरली, मी बाहेरून ओढलं, आणि 'ओवली का?' हे त्यांनीच विचारलं.

आता झोळासाठी वायर वीतभर जास्त ठेवली तर चालेल ना? एक्झॉस्टपासून लांब आहे.

उत्तर (उद्यमनगर)

चालतंय की. फक्त मोकळी लोंबू देऊ नका, झोळाच्या दोन्ही टोकांना टाय मारा.