लिहिणाऱ्यांनो, खरं खरं सांगा

कथा-कादंबऱ्या लिहिणारं कोणी भेटलं की लोक हमखास विचारतात, "तुम्हाला सुचतं कसं हो?" सुचण्याचं काय घेऊन बसलात, सुचतं सगळ्यांनाच. सुचल्यानंतर काय होतं ते मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा. लिहिताना मजा कधी येते, धास्ती कशाची असते, आणि रोजच्या धबडग्यात हे सगळं बसवता कुठे, ते आपापल्या शब्दांत सांगा. छापून आलेलं असलंच पाहिजे असं नाही. अट एकच. 'प्रतिभा' आणि 'प्रसववेदना' हे दोन शब्द वर्ज्य.

सुरुवात मीच करतो. मला चोरून ऐकायची खोड आहे. बसमध्ये, रांगेत, दवाखान्याच्या बाकावर. चार वर्षांपूर्वी पुढच्या सीटवरची एक बाई फोनवर म्हणाली, "त्याला म्हणावं, कुलूप बदललंय." बस्स. पुढच्या थांब्यावर उतरून गेली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. लाइट गेलेत हे सांगावं, तसा सूर. त्या एका वाक्याची कथा मी अजून लिहितोय. सत्तावीस पानं झाली होती, त्यातली अकरा उरली आहेत. आनंद म्हणाल तर ते वाक्य कानावर पडलं तो क्षण. वास्तव म्हणजे नंतरची चार वर्षं.

*

माझं उत्तर वेळेबद्दल आहे, कारण माझ्याकडे नेमकी तीच नाही. पावणेपाच ते साडेपाच, एवढाच काय तो माझा लेखनकाळ. त्यानंतर घर उठतं आणि मी 'आई गं, माझे मोजे' या कादंबरीत शिरते.

अँथनी ट्रॉलप नावाचा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करून लिहायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी हजर, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र आलं, त्यात त्यानेच हा हिशेब मांडलाय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली होती. दुसऱ्यांदा वाचताना मधली एक ओळ दिसली. त्याला उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता, आणि त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळत! त्या दिवसापासून लाज वाटणं बंद. माझे पाव तासाला चाळीस शब्द होतात, त्यातले पंधरा मी दुसऱ्या दिवशी खोडते.

पण मजा आहे. ऑफिसात मीटिंग चालू असते, मी मान डोलवत असते, आणि डोक्यात सकाळचं अर्धवट वाक्य घोळत असतं. आजूबाजूला कोणाला पत्ता नसतो. खिशात दुसऱ्या घराची किल्ली असावी तसं वाटतं.

*

मला भीती वाटते ती घरच्यांनी वाचण्याची. परके काय, वाचतात आणि विसरतात.

माझ्या एका कथेत म्हातारा बाप मरतो. रात्री छातीत दुखायला लागतं, मुलगा धावतपळत गोळी आणतो, पाण्याबरोबर देतो, पण उपयोग होत नाही. कथा अंकात आली. तो अंक मी कपाटात सगळ्यात खाली, जुन्या बिलांच्या फाइलीखाली ठेवला होता. बाबांनी शोधून काढला. माझ्या बाबांची उभी हयात औषधांच्या काउंटरमागे गेली, हे आधी सांगायला हवं होतं.

दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. मी घरात चोरासारखा वावरत होतो. कथेतला मुलगा बापाशी नीट वागत नाही, ते त्यांना लागलं असणार, असं गृहीत धरून मी स्पष्टीकरणाची तीन-चार वाक्यं पाठसुद्धा केली होती. तिसऱ्या दिवशी ते अंक घेऊन माझ्या खोलीत आले. चष्मा कपाळावर, बोट त्या परिच्छेदावर. म्हणाले, "ही गोळी जिभेखाली ठेवायची असते. गिळायची नाही. तू पाण्याबरोबर दिलीस, म्हणून गेला तो."

एवढं बोलून गेले. समासात पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवली होती, बारीक अक्षरात, ते बिलावर लिहायचे तशी. कथा पुढे संग्रहात घेतली तेव्हा मी गोळी जिभेखाली ठेवली. म्हातारा तरीही मेला. पण आता मुलाची चूक नव्हती, आणि त्यामुळे शेवट साफ बदलावा लागला. बाबांना हे कळून त्यांनी केलं की न कळून, मी आजवर विचारलेलं नाही.

*

माझी पात्रं माझ्याशी बोलत नाहीत. अनेक लेखक मुलाखतींत सांगतात, 'पात्रांनी माझा हात धरून लिहून घेतलं.' माझा हात आजपर्यंत कोणी धरलेला नाही. मी बसलो नाही तर ती आपली मुकी बसून राहतात.

आणि अवघड काय असतं सांगू? मृत्यू, विरह, दंगल, हे सगळं लिहून होतं. माणसाला खुर्चीतून उठवून दारापर्यंत नेणं होत नाही. 'ती उठली. दाराकडे गेली. दार उघडलं.' वाचायला हे हजेरीपटासारखं वाटतं. न लिहावं तर वाचक म्हणतो, आत्ता खुर्चीत होती, गॅलरीत कधी गेली? एकदा एका बाईला स्वयंपाकघरातून बाहेर काढायला मला आठवडा लागला. शेवटी फोनची रिंग वाजवली. कंटाळलेल्या लेखकाने वाजवलेली रिंग लगेच ओळखू येते, पुढे कुठे वाचलीत तर लक्ष ठेवा.

दुसरं म्हणजे वयं. माझ्या कादंबरीत आजीचा जन्म १९३१ चा आणि १९४२ च्या चळवळीत ती कडेवरच्या मुलीला घेऊन मिरवणूक बघायला गेलेली. अकराव्या वर्षी कडेवर मुलगी! मी सात वेळा वाचलं, संपादकांनी दोनदा, मुद्रितशोधन झालं ते वेगळंच. कोणाच्या लक्षात आलं नाही. पुस्तक आल्यावर पंधरा दिवसांत एका वाचकाचं पत्र आलं, अगदी सभ्य भाषेत. तेव्हापासून भिंतीवर तक्ता लावलाय, प्रत्येकाचं जन्मवर्ष आणि त्या त्या प्रसंगातलं वय.

*

मी ऑनलाइन क्रमशः लिहिते. ज्यांनी लिहिलंय त्यांना 'पुभाप्र' या तीन अक्षरांची ताकद माहीत असेल. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. पहिल्या भागावर वाचून मी नाचले होते. सहाव्या भागाला तेच वाचून पोटात गोळा यायला लागला, कारण सातवा भाग लिहिलेलाच नव्हता आणि काय लिहायचं ते माहीत नव्हतं.

माझी रहस्यकथा होती. तिसऱ्याच भागाखाली एका वाचकाने खुनी बरोब्बर ओळखला. मी घाबरले आणि खुनी बदलला. ही माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. नव्या खुन्याला कारणच नव्हतं, मग त्याच्यासाठी एक जुनं वैर आणलं, मग वैराला एक काका आणला. शेवटच्या भागावर लोक चांगलंच बोलले, पण त्या ओळखणाऱ्या वाचकाने फक्त 'वाचलं' एवढंच लिहिलं. तो 'वाचलं' अजून टोचतो. आता ठरवलंय, शेवटचा भाग हातात असल्याशिवाय पहिला टाकायचा नाही.

*

व्यवहाराचं कोणीच बोलेना, म्हणून मी बोलतो.

माझा करार छापील किमतीच्या दहा टक्क्यांचा आहे. मागच्या वर्षी हिशेबाचा कागद आला, विक्री चौदा प्रती, विक्रेत्यांकडून परत तीन. म्हणजे अकरा. त्यातल्या सहा कोणी घेतल्या ते मला नावानिशी ठाऊक आहे, एक तर मीच भेट द्यायला घेतली होती. उरलेल्या पाच अनोळखी माणसांचा मी रात्री झोपताना विचार करतो. कोण असतील?

पहिल्या पुस्तकाच्या वेळी करार न वाचता सही केली होती. छापणार म्हणताहेत, हेच खूप वाटलं होतं. नंतर कोणीतरी अनुवादाचं विचारलं तेव्हा कळलं की अनुवाद, ऑडिओ, चित्रपट, सगळे हक्क एकाच ओळीत आणि कायमचे देऊन बसलोय. नवीन लिहिणाऱ्यांनो, पुस्तक छापण्याची परवानगी देणं वेगळं आणि हक्कच लिहून देणं वेगळं. प्रत्येक हक्काची वेगळी ओळ मागा, मुदत मागा, आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क परत येण्याचं कलम मागा. मागितलं म्हणून कोणी हाकलून देत नाही. मला वाटलं होतं देतील.

*

मी अजून काही पाठवलेलं नाही कुठे. भीती हीच की कल्पना कोणी चोरली तर?

*

वरच्या दादा/ताईंना: कल्पनेला कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीला असतो. सासू-सुनेची पलटी झालेली भूमिका ही कल्पना उद्या दहा जण लिहू शकतात आणि दहाही वेगळ्या कथा होतील. लिहून पूर्ण करा, तारीख टाकून स्वतःलाच मेल करून ठेवा, आणि पाठवा. चोरण्याइतकं कोणी लक्ष देऊन वाचलं तरी निम्मी लढाई जिंकलात.

मेलवरून आठवलं. १९२२ मध्ये पॅरिसच्या एका स्टेशनावर हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाच्या बायकोची बॅग चोरीला गेली. आत त्याची हस्तलिखितं होती, आणि बिचारीने त्यांच्या कार्बन प्रतीही त्याच बॅगेत भरल्या होत्या. मी वाचून हसलो होतो. मग माझ्या लॅपटॉपवर पाणी सांडलं. बॅकअपचा पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच लावलेला होता.

जुन्या कथा एका दुसऱ्या मशीनवर सापडल्या, पण युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये. रूपांतर केलं तर रफार भलत्याच अक्षरावर आणि पहिल्या वेलांट्या पुढच्या अक्षरावर जाऊन बसलेल्या. एकेक शब्द हाताने सरळ केला. गंमत म्हणजे वीस वर्षांपूर्वीचं आपलंच लिखाण इतक्या सावकाश वाचायची वेळ एरवी आली नसती. दोन कथा चांगल्या निघाल्या. बाकीच्या पाण्यात गेल्या असत्या तरी चाललं असतं.

*

सहा वर्षं लिहिलं नाही. काही घडलं वगैरे नव्हतं, फक्त थांबलं. लोक आधी 'सध्या काय चालू आहे?' विचारायचे, मग 'तुम्ही लिहायचात ना?' झालं. त्या 'लिहायचात'चं मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात एक पान झालं. कसं आहे ते माहीत नाही. कोणाला दाखवलेलं नाही, इथे पहिल्यांदा सांगतेय.

*

काय एकेक लिहिलंयत सगळ्यांनी. ताई, ते पान फाडू नका, एवढंच सांगतो.

दोघा-तिघांनी विचारलंय, कुलपाच्या कथेचं पुढे काय. परवा रात्री पुन्हा काढली. चार वर्षं मी त्या माणसाला दाराबाहेरच ठेवत होतो. कुलूप बदललंय म्हटल्यावर तो किल्ली लावतो, लागत नाही, मग जिन्यात बसून त्याला सगळं आठवतं, असं ते चाललं होतं. आठवणीच आठवणी, म्हणून तर सोळा पानं उडवली. परवा सहज म्हणून लिहिलं, त्याने किल्ली लावली आणि ती फिरली.

बाईने कुलूप बदललंच नव्हतं. नुसतं फोनवर म्हणाली होती.

मी खुर्चीतून उठून घरभर दोन फेऱ्या मारल्या. बायकोने विचारलं काय झालं, तिला धड सांगताही येईना. आता अडचण अशी की तो आत गेल्यावर काय करतो, मला कल्पना नाही. ज्यांना एका बाईला स्वयंपाकघरातून काढायला आठवडा लागला, त्यांनी कृपया मदत करावी. माझा माणूस परवापासून उंबऱ्यावर उभा आहे, एका हातात चप्पल.