रायझन ५ ५६००एक्स: सोबत आलेला कूलर बदलावा का?

प्रश्न (निळीतार):
रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर आहे, त्यावर सोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर. खोलीचं तापमान ३१ अंश. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवली की प्रोसेसर ९३ अंशांवर जातो, सगळ्या कोअरचा क्लॉक (वेग) ४.२ गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो. गेम खेळताना ७८ ते ८०. पंख्याचा आवाज मात्र सहन होत नाही, साधा ब्राउझर उघडला तरी घरघर सुरू होते. कॅबिनेटला समोर काच आहे, मागे एकच पंखा. पुढेमागे ५८००एक्स३डी हा वरचा प्रोसेसर टाकायचा विचार आहे. टॉवर कूलर (उभ्या पत्र्यांचा, पंख्याचा) घ्यावा की थेट २४० मिमीचा, पंपाने पाणी फिरवणारा लिक्विड कूलर?

फिरकी:
आधी कशासाठी बदलायचा ते ठरवा. ५६००एक्सची कमाल मर्यादा ९५ अंश आहे आणि मूळ सेटिंगमध्ये तो ७६ वॅटच्या वर जात नाही. एचडब्ल्यूइन्फो६४ या तापमान-वीज दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पीपीटी (प्रोसेसरची वीज) आणि थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग कमी होणं) या ओळी पाहा. पीपीटी ७६ ला टेकलेला असेल आणि थ्रॉटलिंगपुढे 'नो' असेल, तर प्रोसेसरला तापमान नव्हे, वीजमर्यादा अडवते आहे. ४.२ हा ३.७ च्या मूळ क्लॉकपेक्षा बराच वर आहे. नव्या कूलरने थोडा क्लॉक वाढेल, गेममध्ये तो जाणवणार नाही. खरा फायदा आवाजात होईल.

पैसे घालण्याआधी एक चाचणी करा. कॅबिनेटची बाजूची झडप काढून हीच दहा मिनिटांची चाचणी त्याच खोलीत पुन्हा घ्या. फरक दोन-तीन अंशांचाच असेल तर कूलर कमी पडतोय. सात-आठ किंवा जास्त अंश उतरले तर कॅबिनेटमध्ये गार हवाच येत नाही, आणि तिथे कितीही मोठा टॉवर लावलात तरी तो तीच गरम हवा फिरवत बसेल. समोर काच आणि मागे एकच पंखा म्हणताय, त्यामुळे माझा संशय दुसऱ्या शक्यतेवर आहे.

तांबडापट्टा:
फिरकींशी सहमत. मोठ्या कूलरकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नका. या प्रोसेसरमध्ये बहुतेक उष्णता जेमतेम ८० चौरस मिलिमीटरच्या चकतीतून निघते, ती झाकणापर्यंत पोचतानाच अडते. म्हणून कूलर दुप्पट केला म्हणून तापमान निम्मं होत नाही.

५८००एक्स३डी नक्की घेणार असाल तर मात्र टॉवर लागेलच. त्याची मर्यादा ९० अंश, वीज १४२ वॅटपर्यंत, आणि त्याच्यासोबत कूलर येत नाही. चार किंवा जास्त हीट पाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा), १२० मिमी पंख्याचा टॉवर पुरतो. लिक्विड कूलर इथे मला अनावश्यक वाटतो: पंप हा बिघडू शकणारा एक जास्तीचा भाग, आणि तो बंद पडला की प्रोसेसर काही क्षणांत तापतो. टॉवरचा पंखा गेला तर फक्त पंखा बदलायचा.

असे टॉवर साधारण १५० ते १६० मिमी उंच असतात. कॅबिनेटच्या माहितीपत्रकातली कूलरच्या उंचीची मर्यादा बघा, आणि रॅमवर उंच पत्रे असतील तर पंखा त्यांना अडतो का तेही.

जुना कूलर काढताना घाई नको. एएम४ (या प्रोसेसरचं सॉकेट) मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि मधल्या उष्णतावाहक पेस्ट वाळल्यामुळे कूलरला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. सॉकेटचा दांडा बंद असला तरी येतो. पिना वाकतात त्या इथेच. आधी दहा मिनिटं लोड देऊन पेस्ट मऊ करा, मशीन बंद करून वायर काढा, चारही स्क्रू तिरप्या क्रमाने थोडेथोडे सैल करा, मग कूलर डावी-उजवीकडे पिळत सोडवा. सरळ वर ओढू नका. स्टेल्थचे स्क्रू थेट मागच्या बॅकप्लेटमध्ये जातात, त्यामुळे ते निघाले की बॅकप्लेट खाली पडते. मागून हात धरा. काही टॉवर सॉकेटशेजारच्या काळ्या प्लास्टिक ब्रॅकेटला अडकवून बसवायचे असतात. स्टेल्थ बसवताना ते ब्रॅकेट काढले होते, म्हणून आताच शोधून ठेवा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट. नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढायला विसरू नका, ९० च्या वरच्या तापमानाचं ते नेहमीचं कारण आहे. पंख्याची हवा मागच्या पंख्याकडे जायला हवी.

थर्मलपेस्ट_०७:
ब्राउझर उघडल्यावरच्या घरघरीला कूलर बदलण्याची गरजच नाही. रायझनचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि पंखा त्यामागे धावतो. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंख्याला वेग वाढवण्याआधी तीन-चार सेकंद थांबायला लावा, आणि ६५ अंशांपर्यंत वेग सपाट ठेवा. शिवाय तिथेच कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सर्व कोअरना उणे १० पासून सुरू करा. कमी व्होल्टेजमुळे तेवढ्याच वॅटमध्ये क्लॉक थोडा वर जातो. मशीन रिकामं असताना अचानक रीस्टार्ट झालं तर आकडा शून्याकडे आणा. अस्थिरता अनेकदा हलक्या कामात दिसते, सिनेबेंचमध्ये नाही.

निळीतार:
झडप काढून ९३ चे ८५ झाले, पीपीटी ७६, थ्रॉटलिंग नाही. पंख्याला चार सेकंदांचा विलंब दिल्यावर ब्राउझरची घरघर थांबली.

फिरकी:
आठ अंश म्हणजे निकाल स्पष्ट आहे. समोर दोन पंखे आत हवा ओढणारे लावा. काचेच्या कडेला हवेसाठी फट किती आहे ते बघा. बोटभरही नसेल तर पंखे लावूनही फारसं हाती लागणार नाही, मग कॅबिनेटचाच विचार करावा लागेल. टॉवर ५८००एक्स३डी येईल त्या दिवशी घ्या, म्हणजे कूलर एकदाच उतरवावा लागेल.