मदत हवी आहे : ‘अंतरणे’ या क्रियापदाचा नेमका अर्थ

आजीची जुनी पत्रे उतरवून घेताना ‘ती माहेराला अंतरली’ असे वाक्य आले असून, तिने माहेराशी नाते स्वतःहून तोडले की ते तिच्याकडून हिरावले गेले, हे मला ठरवता येत नाही. ‘अंतर देणे’ म्हणजे सोडून देणे हे स्पष्ट आहे, आणि ‘नावाने आंघोळ करणे’ यात तर जिवंत माणसाला मेलेला मानण्याचा कठोर निश्चय असतो. ‘अंतरणे’मध्ये मात्र मला मुकण्याचे, पारखे होण्याचे दुःखच अधिक ऐकू येते. वाक्य घरातल्या बाईविषयी आहे, म्हणून चुकीचा अर्थ लावून तिच्यावर अन्याय होऊ नये असे मनापासून वाटते. निर्णय कर्त्याचाच असतानाही ‘मी त्यांना अंतरले’ असे आपल्या भागात कोणी म्हणते का? कृपया उदाहरणासह सांगावे.