कागदावर नुसतं 'तुकोजीराव होळकर' आहे, तीनपैकी कोणते?

छत्रीबाग: मंडळी, इंदूरच्या होळकरांवर माहितीफलक करायचे आहेत. काही मोडी कागद आणि फोटो आहेत, पण सगळीकडे नुसतं 'तुकोजीराव', 'मल्हारराव'. पहिले-दुसरे कसं ठरवायचं?

मोडीवाचक: पहिले, दुसरे ही शेपटी मागाहून लागली, कागदात ती शोधू नका. आधी सन काढा. मराठी कागदांत वापरलेला सुहूर सन अरबी शब्दांत असतो, एकक आधी. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे २+७०+१००+१०००, ११७२. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आलं १७७१-७२. घोळ होतो सबा (७) आणि सबैन (७०), तिसा (९) आणि तिसैन (९०) यांत. घाईत शेवटचा 'न' सुटतो. लागोपाठ दोन एकक आले तर वाचन चुकलंय, परत बघा.
आता हे तुकोजीराव पहिलेच. वंशावळीत त्यांची कारकीर्द १७९५-९७ छापतात, ती बघून कागद बाद करू नका. १७६७ पासून कारभार अहिल्याबाईंकडे आणि फौज तुकोजीरावांकडे होती.

जुनी_इंदूर: फोटो असेल तर पहिले आपोआप बाद! दुसरे १८४४ ते १८८६, खंडवा-इंदूर रेल्वेला एक कोटीचं कर्ज देणारे. तिसऱ्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली, पण वारले १९७८ मध्ये. म्हणजे १९३५ च्या फोटोतले 'महाराजा तुकोजीराव' तिसरेच, गादीवर यशवंतराव असले तरी.

छत्रीबाग: आणि मल्हारराव? एका कागदाचा सन १७९७ निघतोय. पहिले तर १७६६ लाच गेले.

मोडीवाचक: दुसरे तेव्हा जन्मलेही नव्हते. हे तुकोजीरावांचे पुत्र मल्हारराव, त्याच वर्षी पुण्यात शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले. गादीवर बसले नाहीत म्हणून क्रमांकात सहसा धरत नाहीत, आणि फलकांवर नेमके हेच निसटतात. महिदपूरची लढाई (१८१७) आणि मंदसोरचा तह (१८१८) मात्र दुसऱ्या मल्हाररावांच्या नावावर. तेव्हा ते अल्पवयीन होते.

मांडवी_बडोदे: आडनाव नसेल तर गावही बघा. १८७०-७५ चे 'मल्हारराव महाराज' आमचे गायकवाड. खंडेरावांचंही तेच: कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ मध्ये मारले गेले ते होळकर, अहिल्याबाईंचे यजमान, बडोद्याचे १८५६-७० चे. बडोद्याचं खंडेराव मार्केट यांच्याच नावाचं, बांधलं सयाजीरावांनी.

छत्रीबाग: मग फलकावर क्रमांकाऐवजी वडिलांचं नाव आणि सन टाकतो.

मोडीवाचक: दत्तक असेल तिथे दोन्ही वडिलांची नावं द्या. दुसरे तुकोजीराव दत्तकच.