मदत हवी आहे : फौजेत १७ वर्षे व्हेइकल मेकॅनिक होतो, आता सदतिसाव्या वर्षी मेकॅनिकल डिप्लोमाला प्रवेश घ्यावा का?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्याचा रहिवासी आहे. बारावी विज्ञान शाखेतून, गणित विषय घेऊन, उत्तीर्ण झाल्यावर २००७ मध्ये मी सैन्यात भरती झालो, सिकंदराबादच्या ईएमई (सैन्याची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणारे दल) सेंटरमध्ये व्हेइकल मेकॅनिकचा ट्रेड शिकलो आणि वडील गेल्यामुळे स्वतःच्या विनंतीवरून २०२४ मध्ये नायक या हुद्द्यावरून पेन्शनवर आलो. सहा एकर कोरडवाहू वावर धाकटा भाऊ वाहतो. त्या पऱ्हाटीवर दोन संसार भागत नाहीत, हे इकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

सेवेतील बहुतेक काळ मी एका चिलखती रेजिमेंटच्या एलएडीमध्ये, म्हणजे रणगाडे जागेवरच दुरुस्त करणाऱ्या ईएमईच्या तुकडीत होतो. टी-७२ चे बारा सिलिंडरचे ७८० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन राजस्थानच्या धुळीत चालवायचे, तर सर्वांत आधी एअर क्लीनर सांभाळावा लागतो. तो वेळेवर साफ झाला नाही की बारीक वाळू आत जाते, रिंगा आणि लायनर झिजतात, कॉम्प्रेशन उतरते, इंजिन ऑइल पिऊ लागते आणि थंडीच्या पहाटे सुरू होण्यास नकार देते. नुसत्या धुरावरून आणि आवाजावरून हा आजार ओळखणे मी तिथेच शिकलो. गावी परतल्यावर पाहतो, तर वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) उघड्या खाणींवर चालणाऱ्या डंपरांना नेमका हाच आजार आहे. फक्त वाळूच्या जागी दगडमातीची आणि कोळशाची धूळ आहे.

त्यामुळेच खाणीवर माती उचलण्याचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी मेंटेनन्सच्या जागेसाठी गेलो. त्यांनी एक बिघडलेला डंपर दाखवला, मी दोष सांगितला, तो बरोबर निघाला, आणि तरीही मला हेल्परच्या पगारावर या असे सांगण्यात आले, कारण इंजिनिअरच्या जागेला डिप्लोमा लागतो आणि माझ्याकडे फक्त डिस्चार्ज बुक आणि ट्रेडचा दाखला आहे. राग आला, पण त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असेही मला वाटत नाही. भाग का झिजतो हे मला ठाऊक आहे; तो किती भार सोसेल याचे गणित मात्र मी कधी केलेले नाही.

आता मुख्य अडचण. दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क पदांसाठी पदवी समकक्ष मानले जाते, पण ही सवलत तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव अनिवार्य नसलेल्या पदांपुरती आहे. ती दाखवून कनिष्ठ अभियंता होता येत नाही. आमच्या गावातले दोन माजी सैनिक याच गैरसमजात वर्षभर अर्ज भरत बसले. दुसरीकडे, जिल्ह्याच्या ठिकाणी एका क्लासवाल्याने मला घरबसल्या वर्षभरात इंजिनिअरिंगची पदवी मिळवून देण्याची हमी दिली. मान्यतेविना दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये काय निकाल दिला हे वाचलेले असल्यामुळे मी तिथून उठून आलो. एएमआयईचा, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स घेते त्या परीक्षेचा, विचारही सोडला, कारण ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवलेल्यांना तिची पदवीशी समकक्षता मिळत नाही.

राहिला सरळ रस्ता, म्हणजे शासकीय तंत्रनिकेतन. बारावी विज्ञान असल्याने डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे दोन वर्षे. वणीहून यवतमाळला रोज एसटीने जाणे-येणे शक्य नाही. तिथे खोली करावी लागेल आणि दोन्ही मुली गावातल्या शाळेत राहतील. केंद्राच्या सेवेत वयातून सैनिकी सेवेची वर्षे वजा होऊन वर तीन वर्षांची सूट मिळते, त्यामुळे सरकारी भरतीत वयाची अडचण नाही. गट क मध्ये केंद्रीय कार्यालयांत १० टक्के आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत साडेचौदा टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. नातेवाईक म्हणतात की पेन्शन आहे, बँकेत गार्ड म्हणून लाग आणि गप्प बस. त्या नोकरीत कमीपणा नाही, पण हातात पाना धरल्याशिवाय माझा दिवस जात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. थेट दुसऱ्या वर्षात बसल्यामुळे पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ड्रॉइंग सुटते. ते स्वतः भरून काढायला किती महिने लागतात आणि सुरुवात कशापासून करावी? अठरा वर्षांपूर्वी सुटलेले गणित घेऊन स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि थिअरी ऑफ मशीन्स हे विषय पहिल्या प्रयत्नात निघतात का? डिप्लोमानंतर खाणीतील अवजड यंत्रांच्या किंवा औष्णिक वीज केंद्रातील मेंटेनन्समध्ये मुलाखत घेणारे एलएडीतला अनुभव अनुभव म्हणून धरतात, की मला नव्याने उत्तीर्ण झालेल्या पोरांच्याच रांगेत उभे राहावे लागते? आणि भद्रावती, भंडारा वा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत ट्रेडच्या दाखल्यावर आधी कारागीर म्हणून लागून नंतर डिप्लोमा करणे कोणाला जमले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर मुलींना सोडून यवतमाळला जाण्याआधी मी तो मार्ग करून पाहीन. उत्तर देणाऱ्यांनी आपला ट्रेड आणि डिप्लोमाला बसतानाचे वय लिहिल्यास मला ताडून पाहता येईल.