नव्या गावठाणात घरची बाई गेली तेव्हा : कोयना धरणग्रस्तांचे अनुभव

कोयनेचं धरण झालं, शिवाजीसागराच्या पाण्याखाली आमची गावं गेली आणि १९६०च्या मागेपुढे आम्ही सोलापूर, सांगली, ठाणे, कुलाबा, रत्नागिरी (तेव्हाचा कुलाबा म्हणजे आताचा रायगड) असे पांगलो. जमीन किती मिळाली, किती राहिली, हे आपण बैठकांत पुष्कळ बोलतो. त्या पहिल्या वर्षांत कुणाची आई गेली, कुणाची बायको गेली, त्यावर कुणी तोंड उघडत नाही. ज्यांच्या घरात असं घडलं त्यांनी इथे लिहावं. सुरुवात मी करतो.

मी ९ वर्षांचा होतो. सोलापूर जिल्ह्यातली आमची वसाहत म्हणजे उघड्या माळावर पत्र्याच्या शेडांची रांग. आई बाळंतपणात गेली, बाळही गेलं. सकाळी पुरुषमाणसं शेडसमोर जमली आणि कुणाला सुचेना, न्यायचं कुठं? वसाहतीला स्मशानच नव्हतं. शेवटी ओढ्याकाठची जागा ठरली. मग सरणाचं लाकूड. आमच्या डोंगरात लाकडाला कधी तोटा नव्हता, इथे ते विकत घ्यायचं. वडिलांनी गावाकडच्या घराची चौकट काढून आणली होती, नव्या घराला बसवायची म्हणून. सणासुदीला आई त्या चौकटीवर हळदीकुंकवाची बोटं ओढायची. बोटं अजून दिसत होती. वडिलांनी स्वतः कुऱ्हाड घेतली.

आमच्या नव्या घराला पुढे दार झालं, पण त्यावर वडिलांनी कधी कुणाला बोटं ओढू दिली नाहीत.

* * *

तुमचं वाचून हात थरथरतोय, तरी लिहिते. आम्ही ठाणे जिल्ह्यात. मी १३ वर्षांची होते. आई तापाने गेली. मला आठवतं ते हे की रडायला बाया नव्हत्या. गावाकडे बाई गेली की वाडीवाडीतून बाया यायच्या, गळ्यात पडून तिचे गुण सांगत रडायच्या. इथे आमचं एक घर, बाकी भावकी दुसऱ्या जिल्ह्यात. शेजारच्या पाड्यावरच्या दोघीजणी आल्या. आईचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. तिला न्हाऊ घातलं ते त्यांनीच. मामाला कळलं तेव्हा तेरावंसुद्धा उलटून गेलं होतं. तो आला आणि दारातच बसला, आत यायला तयार होईना.

चूल त्या दिवसापासून माझ्याकडे. भाकरी जमली, पण आईसारखी नाचणीची आंबील आजवर नाही जमली.

* * *

माझ्या आजीची गोष्ट, आजोबांकडून ऐकलेली. दहाव्याला पिंड ठेवला आणि सगळे थांबले. कावळा येईना. येणार कुठून, माळावर झाडच नव्हतं! लोक म्हणू लागले, तिचा जीव कोयनेत अडकलाय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. आजोबांच्या ते मनाला लागलं. त्यांनी राखेतली मूठभर वेगळी ठेवली. पुढच्या मे महिन्यात पाणी उतरल्यावर जुन्या गावी गेले, गाळातून आपल्या घराचं जोतं शोधलं आणि आजीच्या चुलीच्या जागी ती पुरली. परत येताना पिंपळाचं रोप आणलं. सोलापूरच्या उन्हात ते जगवायला किती घागरी पाणी घातलं असेल! आज आमच्या वसाहतीतले सगळे दहावे त्याच पिंपळाखाली होतात.

* * *

आम्ही लांब गेलो नाही, वरच्या अंगाला सरकलो. नव्या घराच्या भिंती दगडामातीच्या. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपात भिंत आईवर आली. धाकटी बहीण तिच्या कुशीत होती. ती वाचली. एवढंच लिहवतं.

* * *

सुरुवात केली तो मीच, सगळ्यांचं वाचतोय. ठाण्याच्या ताई, एक विचारू का? माझ्या आईची एकुलती एक बहीणही ठाण्याकडे गेली होती. आई गेल्याचं तिला कुणी कळवलं की नाही, हे वडिलांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुमच्या आईचं माहेर कुठलं? मामाचं गाव कळवाल का?